बूस्टर, लिंबू आणि माझी पुढची खोली

शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि त्या घराची रस्त्याकडची पुढची खोली माझी आहे. ती माझ्याकडं कशी राहिली याच्या दोन-तीन गोष्टी आमच्या नात्यात फिरतात. कोणी म्हणतं, दिराचं मन मोठं. कोणी म्हणतं, बाई भांडकुदळ, तिच्या तोंडी कोण लागणार. दुसरं थोडंफार खरं आहे. पण खोली राहिली ती वैजापूरच्या एका गच्चीवर मी चढले म्हणून.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पोलिस ॲक्शन झालं तेव्हा मी शाळेतच होते. आधी उर्दू गिरवली, मग सरकार बदललं आणि मराठी गिरवली, आणि दोन्ही नीट यायच्या आत शाळा सुटली. तेवढ्यावर माझं चाललं. कोणी इंग्रजी शब्द तोंडावर फेकला तर मी त्याला विचारते, म्हणजे काय. ज्याला माहीत असतं तो सांगतो. ज्याला माहीत नसतं तो चिडतो.

लग्न होऊन आले तेव्हा सासरचं दुकान होतं भांडी दुरुस्तीचं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यांना बूड बसवायचं, डब्यांना कड्या लावायच्या, कढयांचे कान जोडायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही नवरा-बायको, वरच्या मजल्यावर दीर आणि जाऊ. पुढं स्टीलची भांडी आली आणि बूड बसवायला कोणी येईनासं झालं. त्याच सुमारास शहराच्या कडेला टेकडीवर टीव्हीचा मनोरा उभा राहिला आणि घराघरावर अँटेने दिसायला लागले. माझ्या नवऱ्यानं एक अँटेना नीट निरखला आणि घरी येऊन म्हणाला, "हे तर जर्मनच्या नळ्याच आहेत की. आपण आयुष्यभर तेच कापत आलोय."

पण कापायचं कसं, किती लांबीचं, हे त्याला कळेना. छावणीच्या बाजारात एक म्हातारा रेडिओ दुरुस्त करायचा. फौजेत वायरलेसवर होता, तिथून सुटून इथंच राहिला. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. नवरा त्याच्याकडं गेला, मीही सोबत गेले. उस्तादनं एक सागाची काठी घेतली, तिच्यावर चाकूनं खाचा केल्या आणि सांगितलं, मागचा रॉड या खाचेपर्यंत, सगळ्यात लांब. मग हा वळवलेला, ज्याच्या दोन टोकांना वायर लागते. पुढचे सगळे आखूड, एकापेक्षा एक आखूड. दोन रॉडांमधलं अंतरही त्याच काठीवर. ती काठी माझ्याकडं अजून आहे. खाचा हाताच्या मळानं काळ्या झाल्यात पण बोटाला लागतात.

दुकान नुकतं चालायला लागलं होतं तेव्हा नवरा तापानं गेला. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी आरी हातात घेतली. नळी वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायची, काठी लावायची, खूण करायची, कापायची, कानशीनं घासायची. यात बाईला जमू नये असं काय आहे ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. गल्लीतून जाणारे वाकून बघायचे. मी वर बघायची नाही. लोकांना अँटेना हवा होता, तो मिळत होता. एकानंही आणून परत दिला नाही.

दिराला ते आवडत नव्हतं. दीर मॅट्रिक झालेला, सरकारी कचेरीत चिकटायचा प्रयत्न करून थकलेला. त्यानं बूस्टरची एजन्सी आणली. बूस्टर म्हणजे सिगरेटच्या पाकिटाएवढा एक डबा, जो अँटेनातून आलेलं चित्र जोरात करतो म्हणे. त्याच्यासोबत एक दुसरा डबा, घरातल्या बोर्डाला लावायचा, त्याला गोल बटण आणि लाल दिवा. लोकांना तो लाल दिवा फार आवडायचा.

"वहिनी," दीर एक दिवस म्हणाला, "पुढच्या खोलीला काच लावू. आत ट्यूबलाइट, बूस्टर मांडून ठेवायचे, एक टीव्ही चालू ठेवायचा. गिऱ्हाईक आपोआप येतं."

"आणि मी?"

"तुम्ही कशाला त्रास घेता आता. मागं बसा आरामात. दादा गेल्यावर तुम्ही पुढं बसून आरी ओढता, लोक मला विचारतात."

"काय विचारतात?"

"विचारतात की घरात पुरुष आहे का नाही."

"मग सांगा, आहे, वर झोपलाय."

जाऊ जिन्यात उभी होती, ती तोंडाला पदर लावून वर पळाली.  पण दिरानं विषय सोडला नाही. नात्यातले चार लोक आणले, त्यांनी मला समजावलं. बाईमाणूस, मोकळं कपाळ, बाजाराच्या तोंडावर बसणं. मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या देखत नळी कापायला घेतली. जर्मन कापताना असा आवाज येतो की दात आंबतात. ते लवकर गेले.

एवढं खरं की बूस्टरची मला धास्ती वाटत होती. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, कमी रॉडांचा द्या, वरून बूस्टर लावतो. कोणी उलटं, रॉड मोजायचं. शेजाऱ्याच्या अँटेनाला जास्त आहेत तर मला त्याहून जास्त पाहिजेत. रॉड दुप्पट केले म्हणून चित्र दुप्पट होत नाही हे मी सांगून दमले. पहिले काही रॉड मोठं काम करतात, पुढं लावाल तसा फायदा थोडा थोडा होत जातो, वजन मात्र पुरतं वाढतं आणि वाऱ्यात सगळंच खाली येतं.

मी दिराचा एक बूस्टर उचलला आणि छावणीत उस्तादकडं गेले. म्हटलं, हा काय करतो ते सांगा.

उस्तादनं तो उघडलाही नाही. म्हणाला, "भाभी, ये भोंगा है. मंडप में लगाते ना, वैसाच. बोलनेवाला साफ बोला तो भोंगा साफ. बोलनेवाला हकलाया तो भोंगा भी हकलाताच, बस जोर से."

"आणि अँटेना?"

त्यानं कोपऱ्यातला कंदील पुढं ओढला, पेटवला आणि त्याच्यामागं चकचकीत पत्र्याचा तुकडा धरला. समोरची भिंत उजळली. मागं, जिथं मी उभी होते, तिथं अंधार झाला.

"तेल बढ़ा क्या? नई बढ़ा. बत्ती वइच. सिरफ चारों तरफ का छोड़ के एक तरफ कू गया. अँटिना वइच करती, मगर लेने का काम. चारों तरफ का नक्को बोलती, एक तरफ कान देती."

मला ते पटलं. माझा मागचा लांब रॉड म्हणजे पत्रा. अँटेना नवीन काही तयार करत नाही. हवेत जे आहे त्यातलं एका बाजूचं जास्त गोळा करतो, बाकीच्या बाजूंकडं पाठ करतो. बूस्टर गोळा झालेलं मोठं करतो, आणि त्यासोबत खरखरही मोठी करतो. टीव्हीवर मुंग्या दिसतात ना, त्या मुंग्याही मोठ्या होतात.

उस्ताद पुढंही बोलला. "दूर के गांव कू बूस्टर होना पड़ता भाभी. मगर उप्पर, अँटिना के पास. नीचे आते आते वायर में बहुत गिर जाता." पण मी तोवर चप्पल घालत होते. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. घरी येऊन दिराला सांगितलं, तुमचा डबा म्हणजे भोंगा. तो म्हणाला, "छावणीतला म्हातारा कंपनीपेक्षा हुशार झाला का?"

असं महिनोन् महिने चाललं. मग वैजापूरचा आडत्या आला.

हा वैजापूरच्या मोंढ्यात, तिथल्या घाऊक बाजारात, कांद्याची आणि कपाशीची आडत करायचा. माझ्याकडून सगळ्यात लांब अँटेना घेऊन गेला होता, कारण वैजापूर म्हणजे टेकडीपासून लांब, तिथं साधा चालणार नाही. दिरानं त्याला सोबत बूस्टर दिला होता. आता तो जीपमधून उतरला आणि गल्लीत उभा राहूनच बोलायला लागला.

"काय दिलंय हे बाई? नुस्त्या मुंग्या. सगळा मोंढा हसतोय मला. म्हणतात, शेठनं मुंग्या पाळल्यात."

मी विचारलं, "अँटेनाचं तोंड कुणीकडं आहे?"

"शहराकडंच. उगवतीला. मी काय येडा हाय का?"

दीर वरून धावत उतरला. "शेठ, तुम्ही आत या. वहिनींचे रॉड तेवढं लांबचं ओढत नाहीत. मोठा बूस्टर आलाय, तो देतो."

"पहिला पण तूच दिला व्हता."

"तो छोटा होता."

गल्लीतले लोक जमले. समोरचा पानवाला, दोन गिऱ्हाइकं, जाऊ जिन्यात. दीर त्यांच्याकडं बघत म्हणाला, "खरं सांगायचं तर रॉडांचा जमानाच गेला आता. आम्ही पण ते बंद करून शोरूम काढतोय."

मी हातातली आरी खाली ठेवली.

"भावजी, मी वैजापूरला येते. तुमचा मोठा बूस्टर पण घ्या. माझ्या अँटेनावर चित्र आलं नाही तर ही खोली तुमची. काच लावा, दिवे लावा, मी मागं बसेन. पण चित्र आलं तर या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. या सगळ्यांसमोर बोला."

दिराला तिथं नाही म्हणता येईना. पानवाला म्हणाला, "बोला की साहेब, वहिनी बोलल्या ना." दीर बोलला.

आडत्या तेवढा घाबरला. "माझ्या घरी भांडणं नका करू बा. घरी म्हातारी हाय."

जीप शहरात कांदा घालून रिकामी चालली होती. पुढं आडत्या आणि दीर, दिराच्या मांडीवर मोठा बूस्टर, लहान बाळासारखा धरलेला. मी मागं, रिकाम्या बारदानावर. माझ्याजवळ काठी, पक्कड, पेचकस, कानस आणि चिकटपट्टी. वाटेत मी विचार करत होते की माझ्या हातून कुठं चूक झाली असेल. खाच चुकली असेल, वळवलेल्या रॉडचं टोक तडकलं असेल.  खोली गेली तर मागच्या खोलीत मी करणार काय? जाऊच्या लेकरांची टोपडी शिवणार? मला शिवता येत नाही.

आडत्याचं घर मोंढ्याच्या रस्त्यालाच होतं, नवं, गच्चीचं. गच्चीवर बोअरच्या पाइपचा उंच खांब, तीन बाजूंनी तारांनी ताणलेला, आणि त्याच्या टोकावर माझा अँटेना. खालूनच बघितलं. तोंड बरोबर उगवतीला होतं, एकही रॉड वाकलेला नव्हता. रॉडांच्या मध्ये लिंबू-मिरच्यांचे दोन घोस आणि एक काळी बाहुली लटकत होती. त्याचं मला काही वाटलं नाही. नव्या जीपला लिंबू, नव्या दुकानाला लिंबू, तसं हे.

आत टीव्ही होता, वर विणलेला रुमाल टाकलेला. समोर खाली पोत्यावर आडत्याची आई बसलेली, पायाजवळ तंबाखूची पिशवी. माझ्यासारखीच, मोकळ्या कपाळाची. तिनं मला वरून खाली बघितलं.

"ही कोण?"

"आई, अँटेना केला ती बाई."

"बाईनं केला व्हय? मग कसा चालंल."

दिरानं वेळ घालवला नाही. त्यानं छोटा बूस्टर काढला, मोठा जोडला, लाल दिवा लागला, बटण फिरवलं. टीव्ही इतका खरखरला की दारातला हमाल मागं सरला. पडदाभर मुंग्या, आधीच्या दुप्पट, काळ्या-पांढऱ्या उड्या मारणाऱ्या. दिरानं बटण आणखी फिरवलं. मुंग्यांचे मुंगळे झाले.

"बंद कर रे," म्हातारी म्हणाली. "कानात बसल्या."

दीर घामाघूम झाला. "रॉडच पकडत नाहीत. बूस्टर काय करणार?"

"म्हणजे भोंगाच," मी म्हटलं. पण मला हसू येत नव्हतं. माझा अँटेना काहीच देत नव्हता, हे दिसतच होतं. थोडं जरी देत असता तरी त्या गर्दीत एखादी सावली दिसली असती.

आडत्या भिंतीला टेकला. म्हातारी त्याच्यावरच करवादली. "पहिल्या दिवशी आलं व्हतं की रे. तवाच दृष्ट काढायला पाहिजे व्हती."

मी तिच्याकडं वळले. "आलं होतं? पहिल्या दिवशी?"

"आलं की. बाई बातम्या सांगत व्हती. तिच्या कानातली कुडी दिसली मला. जरा अंधुक व्हतं, पण आलं व्हतं. मग ही शेजारीण आली, म्हणली, मावशी, लई झ्याक दिसतंय. झालं. तिची जीभच तशी."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी लिंबू बांधून घेतलं वर. पण उशीर झाला. त्याच दिशी गेलं चित्र."

"आधी लिंबू बांधलं का आधी चित्र गेलं?"

म्हातारीला हा प्रश्न आवडला नाही. "लिंबू सकाळी. चित्र सांजच्याला लावलं तवा नव्हतं. दृष्ट आदल्या दिवशीच लागलेली, तिला काय लिंबू कळतंय? म्हणून शनिवारी आणखी एक बांधलं. मग बाहुली."

चित्र येत नाही म्हणून लिंबू वाढवत गेले, आणि चित्र येत नाही म्हणून माझा दीर बूस्टर वाढवत होता.

"आजी, कशानं बांधलं?"

"तारेनं. दोरा वाऱ्यानं तुटतो वर."

"कुठं बांधलं?"

"तोंडाशी. दाराला कुठं बांधतात? चौकटीच्या मधोमध. तसं त्या हमालाला सांगितलं, जिथं वायर लागती तिथं बांध, तिथूनच चित्र आत येतंय ना."

म्हातारी हुशार होती. चित्र कुठून आत येतं हे तिला बरोबर कळलं होतं, म्हणून तिनं नेमकं तेच बंद केलं. वळवलेल्या रॉडची दोन टोकं असतात, मध्ये बोटभर फट. टीव्हीच्या वायरीची एक शीर एका टोकाला, दुसरी दुसऱ्याला. ती टोकं एकमेकांना लागता कामा नयेत. लागली की जे गोळा झालं ते तिथल्या तिथं एकमेकांत जिरतं आणि खाली काही उतरत नाही. आणि हिनं तिथं लोखंडाची तार गुंडाळली होती.

"शिडी कुठंय?" मी विचारलं.

दीर पटकन पुढं आला. "वहिनी, तमाशा नको. हमाल काढेल."

"हमालानंच बांधलंय. तो लिंबू काढेल आणि तार ठेवेल."

म्हातारी उठून दारात आली. एका हातानं चौकट धरली. "लिंबाला हात लावायचा नाय. उतारा हाय तो. विधवा बाईनं तर नायच."

 बाहेर मोंढ्यातले पाच-सात जण येऊन उभे होते. दीर जमिनीकडं बघत होता. मला कळलं, आता इथं थांबले तर खोली गेली.

"आजी, कपाळ तर तुमचं पण मोकळं आहे. तुम्ही बांधलेलं चालतं आणि मी सोडलेलं चालत नाही?"

तिनं चौकटीवरचा हात आणखी घट्ट केला. मग म्हणाली, "मी माझ्या घरातली हाय."

"आणि हा अँटेना माझ्या घरातून आलाय. तुमच्या घरातल्या कशाला मी हात लावत नाही."

मी तिच्या हाताखालून वाकून बाहेर पडले. लुगडं खोचलं आणि शिडी चढले. खालून कोणीतरी काहीतरी बोललं, कोणीतरी हसलं.  गच्चीवर पोचल्यावर मी वरून हमालांना हाक मारली, या, खांब आडवा करायचाय. कांद्याच्या गोण्या पाठीवर घेणारी माणसं, त्यांनी तारा सैल केल्या आणि तो खांब अलगद खाली आणला, पेंढीसारखा.

अँटेना माझ्या पुढ्यात आला. लिंबं सुकून दगड झाली होती, मिरच्या काळ्या. तारेचे वेढे दोन्ही स्क्रूंना घट्ट, या टोकावरून त्या टोकावर, नीट ओढून, वरून पीळ दिलेला. त्या हमालाला मी विचारलं, तूच बांधलं का? तो म्हणाला, "व्हय. सुटू नये म्हणून जोर लावून बांधलं." चांगलं काम केलं होतं त्यानं. मी पकडीनं तार कापली. स्क्रूंना लिंबाच्या रसानं हिरवं चढलं होतं, ते कानशीनं घासलं. वायरीची टोकं सोलून नवी केली, प्रत्येक आपापल्या स्क्रूला. फटीत बोट घालून बघितलं. मोकळी होती.

खांब उभा केला आणि टीव्ही लावा म्हणून हाक दिली. खालून म्हातारीचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हे, आपल्याशीच. "अगं बाई. मानूस दिसायलाय."

मी उतरले. पडद्यावर एक माणूस शेतीबद्दल काहीतरी सांगत होता. दिसत होता, पण मुंग्यांच्या आडून. दिराच्या बूस्टरनं त्याला मोठा केला होता आणि मुंग्यांनाही. दिरानं बटण कमी केलं तर माणूसही पुसट झाला, वाढवलं तर मुंग्या वाढल्या.

"आलं," मी म्हटलं.

"याला आलं म्हणतात का?" दीर म्हणाला. "नाकडोळे दिसेनात."

आडत्या दाराबाहेरच्या लोकांकडं बघत होता. त्याच्याकडं बघून मला कळलं की तो मोंढ्याला काय दाखवायचं याचा विचार करत होता. दीर बोलला होता तसा त्यानं शब्द पाळला असता का, मला माहीत नाही. असलं अर्धं चित्र म्हणजे भांडणच. तेव्हा मला छावणीतलं ते उरलेलं बोलणं आठवलं, जे मी चप्पल घालताना ऐकलं होतं. वायर गच्चीवरून भिंतीनं उतरून, खिडकीतून, अख्खी ओसरी ओलांडून टीव्हीपाशी येत होती. एवढ्या वाटेत आधीच थोडं असलेलं आणखी थोडं होणार. आणि बूस्टर सगळ्यात शेवटी, टीव्हीच्याच डोक्यावर, विणलेल्या रुमालावर.

"हा इथं का ठेवलाय?"

"मग कुठं ठेवायचा?" दीर म्हणाला. "महागाची वस्तू बाहेर पावसात टांगायची?"

"याला मागं पट्टी कशाला दिलीय मग?"

दिरानं डबा उलटा केला. मागं खरंच पट्टी होती, खांबाला कसायची. तो एवढे दिवस विकत होता आणि त्यानं ती पट्टी भिंतीच्या खिळ्यासाठी आहे असं समजलं होतं. बटणाचा डबा खाली राहतो आणि त्याच वायरीतून वरच्या डब्याला वीज जाते, हे त्याला सांगितलं होतं म्हणे एजन्सीवाल्यानं, पण त्यानं तिकडं लक्ष दिलं नव्हतं; त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला वस्तू समोर दिसली पाहिजे.

"मोठा नको," मी म्हटलं. "पहिलाच द्या, छोटा."

पुन्हा शिडी, पुन्हा खांब आडवा. अँटेनाच्या लगेच खाली, हातभर अंतरावर, बूस्टर पट्टीनं कसला, वरून प्लास्टिकची पिशवी उलटी बांधली. या वेळी दीरही वर आला होता. त्यानं पट्टी धरली, मी पेच फिरवला. 

खाली गेलो तर तो शेतीवाला माणूस स्वच्छ होता. सदऱ्याचं बटण दिसत होतं. थोड्या मुंग्या होत्या, कडेकडेनं, पण त्या कोण बघतो. दारात हमाल दाटीवाटीनं उभे होते आणि आडत्या त्यांना सांगत होता की सरका, वारा येऊ द्या.

"बघा शेठ," दीर म्हणाला. "शेवटी बूस्टरनंच आलं ना."

"बूस्टर काल पण होता," मी म्हटलं.

आडत्या हसला. म्हातारी हसली नाही. ती मला म्हणाली, "आता लिंबू कुठं बांधू?"

"बांधा. माझी ना नाही. पण दोऱ्यानं, आणि खांबाच्या बुडाशी."

"तिथं मांजर नेईल."

"लिंबू खाणारं मांजर असेल तर तेच दाखवा मोंढ्याला, टीव्ही कशाला?"

तिनं तंबाखू तोंडात टाकली आणि पोत्यावर सरकून मला जागा केली. मी बसले. शेतीचं संपेपर्यंत बघितलं. माझ्या अँटेनावर इतक्या लांबून आलेलं चित्र मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता.

परत येताना एस.टी.त दीर माझ्या शेजारी बसला. तिकिटं त्यानंच काढली. मग म्हणाला, "म्हणजे दोन्ही लागतं, वहिनी. रॉड पण आणि बूस्टर पण."

"लांबच्याला लागतं. शहरात तुमच्या डब्याची गरज नाही, तिथं नुसते रॉड पुरतात. पण रॉडांशिवाय तुमचा डबा कुठंच चालत नाही."

"तुम्हाला कधी कमीपणा घेता येत नाही का?"

"येतो. पण आज कशाला घेऊ?"

घरी आल्यावर त्यानं खोलीचं नाव काढलं नाही. आठवडाभरानं मात्र एक काचवाला सुतार येऊन दाराचं माप घ्यायला लागला. मी विचारलं, कोणी बोलावलं? तो म्हणाला, वरच्या साहेबांनी, सहज बघून ठेव म्हणाले. मी त्याला सहज परत पाठवला. दुसऱ्या दिवशी लोहाराला बोलावलं आणि लाकडी बाकावरचा वाइस काढून दाराच्या समोर, फरशी फोडून, जमिनीत लोखंडी खुंट गाडून त्यावर बसवून घेतला. तो आता पहार लावली तरी हलत नाही. दीर त्याला वळसा घालून आत यायचा. बूस्टरचे खोके मी एका फळीवर ठेवू दिले, मागच्या भिंतीच्या. लांबच्या गिऱ्हाइकाला मीच सांगायची, हा पण घ्या, पण खांबावर लावा, कपाटात नको. कन्नडची गिऱ्हाइकं आली, गंगापूरची आली. लिंबू कुठं बांधायचं तेही मी प्रत्येकाला सांगायची. हसायचे, पण ऐकायचे.

पुढं केबल आली आणि मग डिशच्या छत्र्या. अँटेने भंगारात गेले. शहराचं नावही बदललं, पाट्या बदलल्या. उस्ताद गेला, दीर गेला, जाऊ अजून वर आहे, तिचे गुडघे गेलेत. मीही म्हातारी झाले, हाताला आरी झेपत नाही. तरी सकाळी दार उघडून मी पुढच्या खोलीतच बसते. वाइसवर वर्तमानपत्र ठेवून वाचते.

पुतण्याला तिथं मोबाइलचं दुकान काढायचं आहे. चांगला मुलगा आहे, त्याच्या बापापेक्षा सरळ विचारतो. परवा म्हणाला, "काकू, आता अँटेना कोण घेतं? ही खोली नुसती पडून आहे."

मी त्याला म्हटलं, कोणी घेत नाही, खरं आहे तुझं. पण या खोलीचं ठरलेलं आहे. गल्लीसमोर ठरलं होतं, तुझ्या बापानं तोंडानं सांगितलं होतं. चित्र आलं तर खोली माझी, आणि चित्र आलं होतं.